साउंड बाथनंतर बरं वाटतं. पण कशामुळे?



‘पेपर कसा वाचायचा’ या आपल्या मालिकेत आज थोडा वेगळा विषय घेतलाय. साउंड बाथ. विषय हलकाफुलका वाटेल, पण संशोधन पद्धतीच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं या एका उदाहरणात शिकता येतात. पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी साउंड बाथ म्हणजे काय ते बघू. नावात आंघोळ असली तरी पाण्याचा थेंबही नसतो. चटईवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि समोरची व्यक्ती तासभर धातूचे वाडगे, क्वार्ट्‌झचे वाडगे, गाँग, छोट्या घंटा असं काहीबाही वाजवत राहते. यातलं मुख्य वाद्य म्हणजे ‘सिंगिंग बोल’. तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाचा, म्हणजे आपल्या भाषेत काशाचा वाडगा. आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात, तिच्याच जातकुळीतला धातू. काठावर लाकडी दांडा फिरवला किंवा हलका ठोका दिला की तो बराच वेळ घुमत राहतो. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात अशी सेशन्स आता सहज मिळतात. आणि जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘ताण आणि डिप्रेशनवर शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’.

त्या ‘सिद्ध’ शब्दाच्या मागे जाऊ लागलं की बहुतेक वेळा आपण एकाच पेपरपाशी पोचतो. तो पेपर आज उघडू.

पेपर काय म्हणतो

तमारा गोल्ड्सबी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली पूरक उपचारांविषयीच्या एका जर्नलमध्ये छापून आला. अभ्यास अमेरिकेतला. ६२ स्त्री-पुरुष, सरासरी वय ४९.७ वर्षे. सिंगिंग बोल आणि इतर वाद्यांच्या सेशनआधी त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, सेशननंतर पुन्हा भरून घेतल्या. निष्कर्ष असा की ताण, राग, थकवा आणि उदासी हे चारही लक्षणीयरीत्या कमी झाले. पी-व्हॅल्यू सगळीकडे ०.००१ पेक्षा कमी. आणखी एक निष्कर्ष म्हणजे हा प्रकार पहिल्यांदाच करणाऱ्यांचा ताण अनुभवी मंडळींपेक्षा जास्त कमी झाला.

आकडे बघून कुणीही म्हणेल, आणखी काय पाहिजे? ०.००१ पेक्षा कमी म्हणजे पक्कंच की!

इथेच थांबायचं. पी-व्हॅल्यू आपल्याला एवढंच सांगते की खरोखर काहीच फरक पडत नसता, तर इतका मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी होती. म्हणजे सेशनच्या आधी आणि नंतर काहीतरी बदललं, हे मान्य. ते कशामुळे बदललं याबद्दल पी-व्हॅल्यू चकार शब्द काढत नाही. ते सांगण्याचं काम अभ्यासाच्या आराखड्याचं, म्हणजे डिझाइनचं.

आणि डिझाइन काय होतं, ते लेखकांनी लपवलेलं नाही. पेपरच्या शीर्षकातच ‘निरीक्षणात्मक अभ्यास’ असं लिहिलंय. अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या शेवटी त्यांची भाषाही जपून आहे: हा कमी खर्चाचा, करता येण्याजोगा उपाय ‘असू शकेल’. पेपरमधलं ‘असू शकेल’ जाहिरातीत पोचेपर्यंत ‘सिद्ध’ होतं. त्यामुळे माझी टीका दोन पातळ्यांवर आहे. अभ्यासाला मर्यादा आहेत, त्या बघू. पण जास्त मोठी चूक तो अभ्यास वापरणाऱ्यांची आहे.

तुलना कुणाशी?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण संशोधन पद्धतीच्या वर्गात भिंतीवर लावायला हवी. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यात जे काही घडलं त्या सगळ्याचं श्रेय आपण एका गोष्टीला देऊ शकत नाही.

त्या एका तासात नेमकं काय काय घडलं, मोजा बरं. माणूस आडवा झाला. डोळे मिटले. मोबाइल बंद झाला. तासभर कुणी हाक मारली नाही. श्वास आपोआप संथ झाला. आजूबाजूला तशीच निवांत पडलेली माणसं होती. ‘आता बरं वाटणार आहे’ ही अपेक्षा होती. आणि हो, वाडगेही वाजले.

यातल्या कशाने ताण उतरला? दुपारी जेवणानंतर तासभर वामकुक्षी घेऊन उठलेल्या माणसालाही ही प्रश्नावली दिली तर त्याचा राग आणि थकवा उतरलेला दिसणार नाही का? कदाचित वाडग्यांनी त्याहून जास्त फरक पडतही असेल. पण ते कळण्यासाठी त्याच खोलीत, तितकाच वेळ, वाडग्यांशिवाय पडून राहिलेला दुसरा गट हवा. कंट्रोल ग्रुप म्हणतात तो हाच. या अभ्यासात तो नाही. वांग्याचं भरीत फक्कड झालं म्हणून सगळं श्रेय हिंगाला देता येत नाही. एकदा हिंगाशिवाय करून बघावं लागतं.

आले ते कोण?

दुसरा प्रश्न सॅम्पलचा. ध्वनिध्यानाच्या सेशनला आपणहून कोण येतं? ज्याला अशा गोष्टींची ओढ आहे, निदान कुतूहल आहे, तो. ‘हे सगळं थोतांड आहे’ असं मानणारा संध्याकाळ मोकळी ठेवून तिथे येत नाही. त्यामुळे जे दिसलं ते ‘आवड असलेल्या माणसांना बरं वाटलं’ इतकंच. पोलीस हवालदार, बारावीचे विद्यार्थी किंवा रात्रपाळीच्या नर्स यांनाही तसंच वाटेल, असं यातून म्हणता येत नाही.

‘डिप्रेशन’ हा शब्द जपून

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणसांचं खरंखुरं नुकसान होऊ शकतं.

पेपरमध्ये जी उदासी कमी झाली ती मनःस्थितीच्या प्रश्नावलीवरची. आत्ता या घडीला किती खिन्न वाटतंय, अशा स्वरूपाची. डिप्रेशन हा आजार वेगळा. त्याचं निदान डॉक्टर करतात, आणि निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. हे ६२ जण डिप्रेशनचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. एका तासानंतर मन हलकं होणं आणि आजार बरा होणं, यांच्यात पुणे आणि पॅरिसइतकं अंतर आहे.

आता जाहिरातीतलं वाक्य पुन्हा वाचा: ‘डिप्रेशनवर शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’. गोळ्या चालू असलेली एखादी व्यक्ती हे वाचते आणि मनात म्हणते, गोळ्यांपेक्षा हे बरं. मराठी घरांत मानसिक आजाराच्या औषधांबद्दल आधीच केवढी धास्ती असते ते तुम्हाला माहीत आहे. ‘सवय लागेल हं’ असं सांगणारी एक तरी मावशी-काकू प्रत्येक कुटुंबात असतेच. अशा घरात हे एक वाक्य औषध बंद करायला पुरेसं ठरू शकतं. म्हणून शब्द मोजूनमापून वापरणं हा संशोधकाचा नखरा नाही, ती जबाबदारी आहे.

याच्याच जोडीला एक लहानसा तांत्रिक धडा. प्रश्नावली कोणत्या काळाबद्दल विचारते ते कायम तपासा. उदाहरणार्थ, ‘हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल’ ही प्रसिद्ध मोजपट्टी मुळात गेल्या आठवड्याबद्दल विचारते. तासाभराच्या अंतराने दोनदा ती जशीच्या तशी भरून घेतली, तर गेला आठवडा त्या तासात बदलणार कसा? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये मोजपट्टी निवडताना ही चूक हमखास पकडली जाते.

नवख्यांना जास्त फायदा?

या निष्कर्षावरून पुष्कळ जण ‘पहिल्याच वेळी जादू’ असं लिहितात. तुम्ही एकच प्रश्न विचारा: दोन्ही गट सुरुवातीला कुठे होते? नवख्यांचा ताण मुळात जास्त असेल, तर त्याला खाली यायला जागाही जास्त. शिवाय टोकाचे आकडे दुसऱ्या मोजणीत आपसूकच सरासरीकडे सरकतात. याला ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. ताप १०३ असताना केलेला कुठलाही उपाय गुणकारी वाटतो, ९९ असताना केलेला वाटत नाही, तसंच हे. दोन गटांच्या ‘फरकां’ची तुलना वाचली की आधी सुरुवातीचे आकडे असलेला तक्ता शोधायचा, मग निष्कर्ष.

थोडा चांगला आराखडा

आता दुसरा अभ्यास बघू. जयन मेरी लँड्री यांचा, २०१४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ हेल्थ प्रमोशन’मध्ये आलेला. यात ५१ जण. प्रत्येकाने दोन्ही प्रकार केले: एकदा १२ मिनिटं सिंगिंग बोल आणि मग २० मिनिटं सूचनांनुसार शिथिलीकरण, एकदा १२ मिनिटं शांतता आणि मग तेच शिथिलीकरण. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा, म्हणजे यादृच्छिक. याला क्रॉसओव्हर म्हणतात. फायदा असा की प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे वय, स्वभाव, आवड यांचा गोंधळ कमी होतो. निकाल: वाडग्यानंतर वरचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके शांततेपेक्षा जास्त उतरले.

हा पुरावा पहिल्यापेक्षा नक्कीच वजनदार. तुलना आहे, आणि ठोके-रक्तदाब मोजलेत, नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारलेलं नाही. पण तरी एक फट राहते. आपल्याला वाडगा ऐकवला जातोय की शांत बसवलंय, हे सहभागी माणसाला कळतंच. अपेक्षेचा परिणाम वजा करता येत नाही. आणि वाडग्याऐवजी दुसरा कुठला संथ आवाज, समजा तंबोरा, लावला असता तर? मग ठोके ‘वाडग्याने’ उतरले की ‘कुठल्याही संथ, गोड आवाजाने’, हे अजून उघडंच राहतं.

इथे शांततेचीही एक गंमत सांगते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘हार्ट’ या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. १२ संगीतकार आणि १२ बिगर-संगीतकार यांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात आपला रागही होता. मधेच कुठेतरी दोन मिनिटांची शांतता घातली होती. संगीताचा वेग वाढला तसे श्वास, ठोके, रक्तदाब वाढले. आणि त्या दोन मिनिटांच्या शांततेत ते खाली आले, अगदी सुरुवातीच्या पातळीच्याही खाली. म्हणजे कंट्रोल म्हणून ठेवलेली गोष्टच परिणामकारक निघाली! साउंड बाथमध्येही वाडग्याचा नाद विरत जातो आणि मग शांतता येते. आराम नादाने मिळतो की नाद विरल्यावरच्या शांततेने? मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात सुंदर संशोधन-प्रश्न हा आहे.

मेंदूच्या लहरींचं काय?

सेशनमध्ये हमखास ऐकू येणारा दावा म्हणजे ‘वाडग्याची कंपनं मेंदूला थीटा अवस्थेत नेतात’. हे पायरी-पायरीने तपासू.

वाडगा कधीच हुबेहूब गोल नसतो. त्यामुळे त्यातून एकमेकींच्या अगदी जवळच्या दोन वारंवारता निघतात. समजा २०० आणि २०५ हर्ट्‌झ. त्या मिसळल्या की आवाज सेकंदाला पाच वेळा लहान-मोठा होतो. तंबोरा जुळवणाऱ्यांना हे सांगायला नको. दोन तारा जवळ आल्या की ‘वाँव-वाँव’ अशी आंदोलनं ऐकू येतात आणि तारा एकजीव होताना ती संथ होत जातात. इथवर शुद्ध भौतिकशास्त्र.

आता उडी. ईईजीत ४ ते ८ हर्ट्‌झच्या लहरींना थीटा म्हणतात, वाडग्याचं आंदोलनही ५ हर्ट्‌झचं, म्हणून मेंदू थीटात जातो, म्हणून मन शांत होतं. या वाक्यात दोन ‘म्हणून’ आहेत आणि दोन्ही सिद्ध करावे लागतात. नियमित ठेक्याच्या आवाजाला मेंदूची विद्युत-क्रिया साथ देते, हे मोजलं गेलंय. पण त्याने मनःस्थिती बदलते का? २०२० साली ‘ई-न्यूरो’मध्ये आलेल्या ओरोझ्को पेरेझ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशी आंदोलनं ऐकवली तेव्हा मेंदूने ठेका धरला खरा, पण मूडमध्ये फरक पडला नाही. तो अभ्यास वाडग्यांचा नव्हता, प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्वरांचा होता, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातून इतकं कळतं की पहिला ‘म्हणून’ खरा ठरला तरी दुसरा आपोआप खरा ठरत नाही.

यापेक्षा साधी वाट श्वासाची आहे. याच बर्नार्दींनी २००१ साली ‘बीएमजे’मध्ये दाखवलं होतं की कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो वा ‘ॐ मणि पद्मे हूं’, दोन्हींच्या उच्चाराने श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो. २३ निरोगी माणसांवरचा छोटा अभ्यास, पण शिकवण मोठी: कारण शोधताना आधी साधं, मोजता येणारं कारण तपासा. गूढ कारण कुठे पळून जात नाही.

मग एकूण पुरावा किती?

एकेका पेपरवर भांडण्यापेक्षा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू बघणं केव्हाही बरं. ऑस्ट्रेलियातल्या जेसिका स्टॅनहोप आणि फिलिप वाइनस्टाइन यांनी २०२० साली सिंगिंग बोलवरचा असा आढावा घेतला. त्यांच्या निकषांत बसणारे अभ्यास किती निघाले? चार. फक्त चार. त्यांत फायद्याचे इशारे आहेत, पण अभ्यास थोडे आणि पद्धतीत त्रुटी, त्यामुळे या टप्प्यावर उपचार म्हणून शिफारस करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

‘शिफारस करता येत नाही’ म्हणजे ‘निरुपयोगी आहे’ असं नव्हे. पुरावा नसणं आणि परिणाम नसल्याचा पुरावा असणं यांत फरक असतो. व्हायवामध्ये हा प्रश्न लाडका आहे, लिहून ठेवा.

हा विषय घेऊ का?

पेटची तयारी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने हाच प्रश्न विचारला होता. माझं उत्तर: घे, जरूर घे. ज्या क्षेत्रात २०२० च्या आढाव्यात निकषांत बसणारे चारच अभ्यास निघाले तिथे काम करायला जागा असते. पण नुसती ‘आधी-नंतर’ची प्रश्नावली वाटून आणखी एक अभ्यास करू नकोस. निदान इतकं कर:

तीन गट ठेव. पहिला वाडग्यांचा, दुसरा तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगचा, तिसरा नुसता आडवा पडून शांत राहणारा. खोली तीच, वेळ तितकाच, अंधार तेवढाच. पहिल्या आणि तिसऱ्याच्या तुलनेतून आवाजाचा परिणाम कळेल, पहिल्या आणि दुसऱ्याच्या तुलनेतून वाडग्याचा. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठीने ठरव. सुरुवातीलाच विचार, ‘तुम्हाला कितपत फायदा होईल असं वाटतं?’ म्हणजे अपेक्षा मोजली जाईल. श्वास आणि ठोके मोज. प्रश्नावली वाडगे वाजवणाऱ्याच्या हातून भरून घेऊ नकोस. समोर बसून मेहनत घेतलेल्या माणसाला ‘काही वाटलं नाही’ असं लिहून द्यायला आपल्याला जड जातं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर पुन्हा विचार. आणि नैतिक समितीची मान्यता घेऊन, आकडे गोळा करायच्या आधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद कर, म्हणजे नंतर सोयीचा निष्कर्ष निवडायचा मोह होणार नाही.

निकाल ‘काही फरक नाही’ असा आला तरी थीसिस होतो. गाइडला हे आधीच पटवून ठेव.

आणि जायचं असेल तर?

मी स्वतः एका सेशनला जाऊन आलेय. उठले तेव्हा खांदे हलके झाले होते आणि त्या रात्री झोप छान लागली. तो अनुभव खरा होता, आणि वर लिहिलेल्या एकाही मुद्द्याने तो खोटा ठरत नाही. फक्त माझ्या त्या एका रात्रीवरून मी ‘सिद्ध’ हा शब्द वापरू शकत नाही.

तेव्हा तुम्हाला जावंसं वाटलं, पैसे परवडत असले, तर खुशाल जा. गाण्याच्या मैफिलीला आपण पुराव्याची वाट बघत थांबत नाही. मात्र आजारावरचा उपाय म्हणून कुणी ते विकत असेल तर तीन प्रश्न विचारा: किती लोकांवर, कशाशी तुलना करून, आणि किती दिवस टिकलं? चालू औषध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बंद करायचं नाही.

आता अभ्यास. ‘आधी-नंतर’ स्वरूपाचा, कंट्रोल ग्रुप नसलेला तुमच्या विषयातला एक पेपर शोधा. त्याला कुठला कंट्रोल ग्रुप शोभला असता ते वहीत एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य वर्गातल्या मित्राला दाखवून त्याच्याकडून त्यातली फट काढून घ्या. सिनॉप्सिसच्या पहिल्या मीटिंगआधी अशी दहा वाक्यं लिहिलेली असली की समितीच्या प्रश्नांची भीती बरीच कमी होते.

भेटू पुढच्या पेपरसोबत.